खिडकीतला कप

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप असायचा. पांढरा, निळ्या काठाचा, कानापाशी टवका उडालेला. बाकीचे कप मांडणीवर, हा एकटा खिडकीत. मावशींची भांडी घासून झाली की आई त्यात चहा ओतायची. मावशी मागच्या दाराच्या पायरीवर बसून तो प्यायच्या, कप स्वतःच विसळायच्या आणि परत खिडकीत पालथा घालायच्या.

'हा मावशींचा कप' असं कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. लहानपणी बऱ्याच गोष्टी सांगून शिकवाव्या लागल्या. चपला कुठे काढायच्या, देवघरात काय शिवायचं नाही, पाहुण्यांसमोर काय बोलायचं नाही. ही एक गोष्ट मात्र न सांगता कळली. आमची जात कुठली आणि मावशींची कुठली, हे इथे लिहीत नाही. घरात वेगळा कप होता म्हटल्यावर कोण कुठल्या बाजूला होतं ते तुम्हाला कळलंच असेल. आणि आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. मावशी म्हणजे आईची बहीण.

पुढे मी नगरमध्ये (कागदोपत्री आता अहिल्यानगर) मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तो कप लॅबमध्ये नेला. त्यातून काय निघालं आणि मी कुठे चुकले, ते सांगायचंय.

*

प्रोजेक्टचा विषय साधा होता. घरात जंतू मारायला आपण जे काही वापरतो, ते रोजच्या वस्तूंवर खरंच किती काम करतं? आम्ही चौघीजणी होतो. वस्तूंची यादी केली: मोबाइल, दाराची कडी, टीव्हीचा रिमोट, दहाची नोट, भाजी चिरायची पाटी, ओट्यावरचं फडकं, चहाचा कप. औषधांची यादी: भांड्यांचा साबण, पांढरं फिनेल, जखमेला लावतात ते अँटिसेप्टिक, ब्लीचिंग पावडरचं पाणी, व्हिनेगर. आजीने ऐकलं तर म्हणाली, "राख राहिली की!" मग राखही घेतली. आणि शेवटी नुसतं पाणी.

पद्धत अशी. निर्जंतुक केलेला कापसाचा बोळा ओला करून वस्तूवर फिरवायचा, मग तोच बोळा काचेच्या ताटलीतल्या अगारवर फिरवायचा. अगार म्हणजे जंतूंसाठी वाढून ठेवलेलं जेवण. ताटली ३७ अंशांवर एक दिवस ठेवली की डोळ्यांना न दिसणारा एकेक जंतू वाढून वाढून ठिपक्याएवढी वसाहत करतो. ते ठिपके मोजायचे. पुसण्याआधी किती, पुसल्यानंतर किती.

हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. पहिल्याच आठवड्यात आमच्या ब्लीचच्या ताटल्या इतक्या स्वच्छ आल्या की आम्ही नाचलो. बाईंनी ताटली उजेडात धरली आणि विचारलं, "जंतू वस्तूवर मेले की ताटलीत?" आम्ही गप्प. वस्तूवर उरलेलं ब्लीच बोळ्याबरोबर ताटलीत आलं असणार आणि तिथेच काम करत बसलं असणार. त्यासाठी आधी सोडियम थायोसल्फेट घालून उरलेलं ब्लीच निकामी करावं लागतं, मगच मोजणीला अर्थ. शिवाय एक ताटली अशी ठेवावी लागते जिला काहीच लावायचं नाही. तिच्यावर ठिपके आले तर समजायचं, घाण वस्तूवर नव्हती, आपल्याच कामात होती. तिला कंट्रोल म्हणतात.

जंतुनाशकाची परीक्षा घ्यायची कशी, हा प्रश्न जुना आहे. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉखने अँथ्रॅक्सचे बीजाणू रेशमी धाग्यांवर वाळवून ते धागे वेगवेगळ्या द्रावणांत बुडवून पाहिले. तेव्हा ज्याचा बोलबाला होता ते कार्बोलिक आम्ल त्या बीजाणूंपुढे कमी पडलं. १९०३ मध्ये रिडिअल आणि वॉकर यांनी कार्बोलिकलाच मोजपट्टी करून इतर द्रावणं त्याच्याशी ताडून पाहायची रीत बसवली. काळ्या फिनेलच्या बाटलीवर आर.डब्ल्यू.सी. अशी अक्षरं आणि पुढे आकडा दिसला, तर तो या दोघांच्या नावाचा.

आम्हाला जे दिसलं ते पुस्तकात होतंच, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर वेगळं वाटलं. मळ तसाच ठेवून वर ब्लीच ओतलं तर ब्लीच मळाशीच भांडून संपतं, म्हणून आधी धुवायचं आणि मग औषध. पिशवी उघडी राहिलेली ब्लीचिंग पावडर हळूहळू नुसती पावडर उरते. फिनेल लावून लगेच पुसलं तर फारसं काही होत नाही, त्याला काही मिनिटं द्यावी लागतात. आपण मात्र पाच सेकंदांत पुसून मोकळे होतो. '९९.९ टक्के' हे ऐकायला सगळं मेल्यासारखं वाटतं, पण दहा लाखांतून तेवढे गेले तरी हजार उरतात. आणि आमच्या यादीतली सगळ्यात घाणेरडी वस्तू कुठली? ओट्यावरचं फडकं, जे आपण स्वच्छतेसाठी वापरतो. त्याच्या ताटलीवर ठिपके मोजणं अशक्य होतं, सगळी ताटली एकच साय आल्यासारखी.

*

आता कप. यादीत 'चहाचा कप' होता, तो कुठलाही चालला असता. मी दोन नेले. एक मांडणीवरचा, माझा. एक खिडकीतला. मैत्रिणींना सांगितलं, तुलनेला असू दे. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. मला आमच्या घराला पुरावा दाखवायचा होता.

ताटल्या आल्या. खिडकीतल्या कपाच्या ताटलीवर माझ्या कपापेक्षा कमी ठिपके होते. कारण साधं असावं: खिडकीत ऊन लागायचं, कप पालथा कोरडा व्हायचा, आणि फडक्याने पुसला जायचा नाही. दोन-दोन ताटल्यांवरून शास्त्रात काहीच सिद्ध होत नाही. पण मला कुठे शास्त्र करायचं होतं? मी दोन्ही ताटल्यांचे फोटो काढले आणि घरी येऊन जेवताना मोबाइल सगळ्यांसमोर धरला. "बघा, कुणाचा कप घाण आहे ते."

आई म्हणाली, "मी स्वच्छतेसाठीच वेगळा ठेवला होता गं. दहा घरी जातात त्या." मग थोडं थांबून, "ठीक आहे, स्वच्छ आहे ना, मग ठेवू मांडणीत."

आजीने फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "अगं, घाणीसाठी ठेवलाय का तो वेगळा? पद्धत आहे ती." आणि भाकरी मोडायला लागली.

त्या रात्री मला आजीचा राग आला आणि आईचं कौतुक वाटलं. आज वाटतं, त्या टेबलावर खरं एकटी आजी बोलली.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्यावर मी त्यांना सांगितलं. आनंदाने सांगितलं, बक्षीस मिळाल्यासारखं. "मावशी, तुमचा कप मी कॉलेजात तपासला. आमच्यापेक्षा स्वच्छ निघाला!"

त्या हातातलं पातेलं घासायच्या थांबल्या. "माझा कप तपासला?"

"हो."

"आणि घाण निघाला असता तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पातेलं विसळलं. "मला इचारायचं तरी, पोरी," एवढंच म्हणाल्या.

*

'घाण निघाला असता तर?' या प्रश्नाला आता काही वर्षं झाली.

निघू शकला असता. त्या आठवड्यात पाऊस असता, कप ओला राहिला असता, तर ठिपके दुप्पट आले असते. मग मी काय केलं असतं? फोटो दाखवलेच नसते. म्हणजे माझा प्रयोग प्रयोग नव्हताच. ज्यात हवं ते उत्तर आलं तरच सांगायचं, त्याला आमच्या बाई प्रयोग म्हणत नाहीत. ही झाली शास्त्रातली चूक.

दुसरी चूक मोठी आहे. मी मावशींच्या बाजूने बोलतेय असं मला वाटत होतं. पण 'त्यांचा कप स्वच्छ आहे, म्हणून तो आपल्यात ठेवा' असं म्हणताना मी एक अट कबूल करून बसले. कप मांडणीत यायचा तर आधी तो पास व्हायला हवा. आमच्या कपांची परीक्षा कुणी घेतली नव्हती. माझा कप तर नापास झाला आणि तरी मांडणीतच राहिला. मी बरोबरीचा मुद्दा ताटलीवर ठेवला, आणि ताटलीवर ठेवलेली गोष्ट उद्याच्या ताटलीने उलटू शकते.

राज्यघटनेचा १७ वा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट झाल्याचं सांगतो आणि ती पाळणं गुन्हा ठरवतो. त्यात कुठेही 'स्वच्छ असल्यास' अशी अट नाही. परीक्षेत मी हे कलम पाठ लिहिलं होतं. ती अट तिथे का नाही, हे कळायला एक प्रश्न लागला.

तुम्ही म्हणाल, मग स्वच्छतेसाठी काहीच वेगळं ठेवायचं नाही का? ठेवायचं की. आमच्या घरात आणखी दोन वेळा ताट वेगळं झालेलं मी पाहिलंय.

आजोबांना टीबी झाला तेव्हा त्यांचं ताट-तांब्या वेगळा झाला. टीबी भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेने पसरतो, त्यामुळे ते ताट वेगळं ठेवायचं कारण नव्हतंच. पण भीतीपोटी ठेवलं. सहा महिन्यांनी औषधं संपली, तपासणी चांगली आली आणि ताट परत आलं. त्या दिवशी आजीने पुरणपोळी केली.

दुसरं ताट माझं. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी पाळीच्या दिवसांत मला 'बाजूला बसावं' लागायचं. वेगळी सतरंजी, वेगळं ताट, पाणीसुद्धा वरून ओतलेलं. मी चिडायचे, रडायचे. पण पाचव्या दिवशी डोक्यावरून आंघोळ केली की मी पुन्हा घरात. ते चूकच होतं आणि आहे. तरी त्याला शेवट होता.

सहा महिने. चार दिवस. आणि मावशींचा कप, कायमचा.

यातून मला एक साधी कसोटी सापडली. कुठलीही वेगळी ठेवलेली वस्तू दिसली की विचारायचं: काय केलं म्हणजे हे वेगळेपण संपेल? जंतूंची भीती खरी असेल तर उत्तर मिळतं. धुवा, उकळा, औषध पुरं करा, वाट पाहा. जिथे या प्रश्नाला उत्तरच नाही, तिथे भीती जंतूंची नाही. मावशींनी तो कप किती वर्षं रोज धुतला. शिवाय आमचे सगळे कप त्याच हातांनी धुतले जायचे. काय केलं असतं म्हणजे तो मांडणीवर आला असता? आजीला ठाऊक होतं, काहीच नाही. आईला आणि मला ते ठाऊक करून घ्यायचं नव्हतं, म्हणून आम्ही स्वच्छता हा शब्द धरून बसलो होतो.

*

महाडचं चवदार तळं शाळेत शिकलो तेव्हा मला ती फक्त पाण्याची गोष्ट वाटली होती. मायक्रोबायोलॉजी शिकल्यावर ती पुन्हा वाचली. नगरपालिकेने १९२४ मध्येच तळं सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळ्याची 'शुद्धी' केली. १०८ घागरींचा विधी करून शेण, गोमूत्र, दूध, दही त्या पाण्यात गेलं.

आमच्या प्रोजेक्टच्या भाषेत सांगायचं तर पिण्याच्या पाण्यात शेण आणि दूध घातल्यावर ताटलीवर काय दिसेल, हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. यावर हसता येतं, मीही हसले होते. पण हसताना तीच चूक होते. समजा त्या लोकांनी शेणाऐवजी चांगल्या प्रतीचं क्लोरीन टाकलं असतं, अगदी मोजून मापून, आणि पाणी खरंच निर्जंतुक झालं असतं. तरी ते कृत्य तितकंच वाईट राहिलं असतं. त्यांचं औषध चुकलं हा मुद्दा नाही. माणसाच्या स्पर्शावर औषध शोधावंसं वाटलं, हा आहे. खटला दहा वर्षं चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला.

आणि खरंच क्लोरीन वापरलं गेलं तेव्हा काय झालं, तेही आपण पाहिलंय. मार्च २०२० च्या शेवटी उत्तर प्रदेशात बरेलीला परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला, बायका-मुलांसकट. ते द्रावण दारं-खिडक्या, बसगाड्या पुसायचं. एप्रिलमध्ये केंद्र सरकारलाच सांगावं लागलं की माणसांवर असं फवारू नका, त्याने इजा होते. मी तो व्हिडिओ मोबाइलवर पाहिला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर आली ती आमची वस्तूंची यादी. कडी, रिमोट, नोट, पाटी. वस्तूंच्या यादीत माणूस कधी जाऊन बसतो ते कळत नाही. मावशींच्या कपावर बोळा फिरवताना मी नेमकं काय तपासत होते?

*

मग वेगळं काय करता आलं असतं? याचं एक उत्तर माझ्याच जिल्ह्यात होतं आणि मला ते फार उशिरा कळलं.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी गावागावात आरोग्याचं काम सुरू केलं. पुढे, १९७९ मध्ये, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यातल्या कितीतरी दलित होत्या, कितीतरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दुष्काळाच्या दिवसांत हातपंपासाठी बोअर घ्यायचे होते, तेव्हा आरोळ्यांनी ते शक्यतो दलित वस्तीत घेतले जातील असं पाहिलं. पाणी तिथे लागलं, पंप तिथे बसला. ज्याला पाणी हवं त्याने तिथे यायचं.

मी यावर खूप विचार केलाय. आरोळे डॉक्टर होते. त्या वस्तीतलं पाणी तपासून, 'बघा, स्वच्छ आहे, प्यायला हरकत नाही' असा अहवाल त्यांना गावापुढे ठेवता आला असता. मी तेच केलं होतं. त्यांनी पंप कुठे बसवायचा एवढंच ठरवलं. मग घागर घेऊन चालत जाणं ज्याच्या त्याच्या पायांवर आलं. आणि त्याच बायका घरोघरी जाऊन हात धुवायला, बाळंतपणात ब्लेड आणि दोरा स्वच्छ वापरायला शिकवायच्या. म्हणजे जंतूंचं शास्त्र तिथेही होतं, पूर्ण होतं. फक्त ते त्यांच्या हातात होतं. त्यांच्यावर चालवलं जात नव्हतं.

याने सगळं धुऊन निघालं असं मी म्हणणार नाही. याच जामखेड तालुक्यात, खर्ड्याला, २०१४ मध्ये एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. ते वाचलं तेव्हा मी शाळेतच होते, त्याच्याहून थोडी लहान. हातपंप एका पिढीत बसतो. बाकीच्याला किती पिढ्या लागतात, ते मोजायची ताटली माझ्याकडे नाही.

*

त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते सांगून संपवते.

आईने शब्द पाळला. खिडकीतला कप तिने फेकून दिला आणि सहा नव्या कपांचा संच आणला, सगळे एकसारखे. आजी दोन दिवस काही बोलली नाही, मग स्वतःचा चहा पितळी फुलपात्रातून घ्यायला लागली. तिने स्वतःला वेगळं करून घेतलं. मी तिला माझी कसोटी विचारली, "आजी, काय केलं म्हणजे तू कपातून पिशील?" ती म्हणाली, "माझं वय बघ की." ते उत्तर होतं की नाही, अजून ठरत नाही.

मावशींना आईने पहिल्या दिवशी नव्या कपात चहा दिला आणि आत, टेबलाशी बसायला सांगितलं. मावशी उभ्याच राहिल्या. "नको, मी घरनं पिऊन आले," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मी एकदा त्यांच्यामागे मागच्या दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. मी न विचारता कप नेला. आणि तो स्वच्छ निघाला म्हणून सांगायला आले, ते जास्त चुकलं."

त्या पायरीवर चप्पल घालत होत्या. "तुझ्या कॉलेजात मार्क मिळाले का?" त्यांनी विचारलं.

"मिळाले."

"मग बरं झालं," म्हणाल्या, आणि पुढच्या घरी गेल्या.

त्या अजून येतात. सहाही कप रोज घासतात, पुसतात, मांडणीवर लावतात. चहाचं मी आता विचारत नाही. आईनेही विचारणं सोडलंय. फक्त आधण ठेवताना ती अजून एक कप पाणी जास्त घालते.